सहाशे सतरावी खेप

हिमकण ऑटोमेशनमध्ये एखादी टेस्ट नापास झाली, तर ती परत चालवायची पद्धत होती. दुसऱ्यांदाही नापास झाली तर चहा घेऊन परत. तिसऱ्यांदा पास झाली की ती पास. आधीच्या दोन खेपा धरायच्या नाहीत. याला कुणी फसवणूक म्हणत नसे. याला ‘परत चालव’ म्हणत. कंपनीत नऊ माणसं होती आणि नव्या माणसाला पहिल्या दिवशी तीन गोष्टी शिकवल्या जात: वायफायचा पासवर्ड, डबा ठेवायची जागा आणि ‘परत चालव’.

कंपनी गंगापूर रोडला, एका दातांच्या दवाखान्याच्या वर होती. खालून ड्रिलचा आवाज आला की वरच्या मंडळींना आपण एखाद्या कारखान्यात काम करतोय असं वाटून बरं वाटे. पिंपळगावकडच्या कोल्ड स्टोरेजना लागणारी कंट्रोल पॅनेल ते बनवत. खोलीत थंडी किती, पंखे कधी फिरणार, दार उघडं राहिलं तर फोन कुणाला जाणार, हे सगळं ते पॅनेल ठरवी. बहुतेक वेळा बरोबर ठरवी.

दीपमाला थेटे तिथे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात लागली. वय अडतीस. नाशिकला इंजिनिअरिंग, पुण्यात चार वर्षं बरी नोकरी, मग लग्न होऊन गिरणाऱ्याला द्राक्षबागेत, आणि त्यानंतर अकरा वर्षं. मुलाखतीत कंपनीचा मालक रविराज पिंगळे याने अर्जावरच्या त्या अकरा वर्षांच्या कोऱ्या जागेवर पेन टेकवलं.

“इथं काय केलं, मॅडम?”

“घरचं बघत होते. बाग आहे आमची.”

“म्हणजे काही केलं नाही.”

“मजुरांची हजेरी ठेवत होते.”

रविराज हसला आणि त्याने तिथे ‘गॅप’ असं लिहिलं. तो चौतीस वर्षांचा होता, वाईट माणूस नव्हता, आणि हसताना समोरच्यालाही हसायची मुभा देत असे. दीपमाला हसली नाही. तिचा हा बाविसावा अर्ज होता. आधीच्या एकवीस ठिकाणी ती कोरी जागा पाहून ‘कळवतो’ म्हणाले होते आणि अजून कळवत होते. रविराजने निदान तीन महिन्यांची मुदत दिली. डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी हिशोब: एक तर कायमचं पत्र, नाही तर शुभेच्छा. शुभेच्छा मिळाल्या तर तेविसावा अर्ज आपल्याच्याने लिहिला जाणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तिने ते घरी कुणाला सांगितलं नव्हतं.

पहिले दोन महिने तिचे जुन्या कागदपत्रांत गेले. नोव्हेंबरात तिला काम मिळालं. भिंतीवरच्या फळ्यावर कामांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असत. काम संपलं की चिठ्ठी उजवीकडे सरकवायची. सार्थक नावाचा तरुण इंजिनिअर आठवड्याला अकरा चिठ्ठ्या सरकवी. त्यातल्या सात त्यानेच चिकटवलेल्या असत. डाव्या कोपऱ्यात मात्र एक चिठ्ठी जूनपासून होती. ऊन लागून ती पिवळ्याची पांढरी झाली होती. तिच्यावर लिहिलं होतं: ‘डीबगर. थ्रेडचा मेसेज. कुणीतरी बघा.’

“हे तुम्ही घ्या,” रविराज म्हणाला. “छोटं आहे.”

ऑफिसात जे काम छोटं असूनही पाच महिने कुणी घेत नाही, ते छोटं नसतं. पण मुदतीवरच्या माणसाने हे बोलायचं नसतं.

आता डीबगर म्हणजे काय, ते सांगायला हवं. प्रोग्रॅम चुकायला लागला की त्याला मध्येच उभं करून त्याचे खिसे तपासणारा दुसरा प्रोग्रॅम म्हणजे डीबगर. एका प्रोग्रॅममध्ये कामं करणारे अनेक हात एकाच वेळी चालू असतात, त्यातल्या प्रत्येकाला थ्रेड म्हणतात. आणि अमुक ओळीवर कुणी आलं की थांबव, असा हुकूम देऊन ठेवला की तो ब्रेकपॉइंट. हुकूम एकाच थ्रेडपुरताही देता येतो: तीन नंबरचा थ्रेड इथे आला तरच थांबव, बाकीच्यांना जाऊ दे. तो थ्रेड आपलं काम संपवून निघून गेला, की हुकुमाला अर्थ उरत नाही. मग डीबगरने हुकूम रद्द करायचा आणि तसं सांगायचं. सांगायचं एका ओळीत: ब्रेकपॉइंट दोन काढला, थ्रेड तीन आता यादीत नाही.

हिमकणवाले वापरत तो डीबगर फुकट होता, जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेला, आणि कुठल्याशा थंड देशातला एक गृहस्थ त्याची राखण करी. त्या डीबगरच्या या एका ओळीत खोट होती. दोन प्रोग्रॅम एकदम तपासायला घेतले, की डीबगर प्रत्येकाचे थ्रेड वेगळे मोजून पडद्यावर दाखवी: पहिल्याचा एक, दोन, तीन, दुसऱ्याचा एक, दोन. पण ‘गेला’ म्हणून सांगताना तो भलताच आकडा सांगे. पडद्यावरचा नाही, त्याच्या स्वतःच्या आतल्या वहीतला, जी वही दुसऱ्या कुणाला दिसत नाही.

जूनमध्ये पिंपळगावच्या एका कोल्ड स्टोरेजात पंखे अधूनमधून रुसत होते. डीबगर सार्थकला म्हणाला, थ्रेड तीन गेला. सार्थकने पहिल्या प्रोग्रॅमचा तिसरा थ्रेड पाहिला. तो आकडे दाखवणाऱ्या काचेचा होता. दोन दिवस त्याने ती काच खिळखिळी केली. गेला होता तो दुसऱ्या प्रोग्रॅमचा पहिला थ्रेड, पंख्यांचा, आणि तो आधी जन्मल्यामुळे आतल्या वहीत त्याचा नंबर तीन होता. सार्थकने शेवटी पॅनेल बंद करून चालू केलं. पंखे फिरले. फिरतात तोवर फिरू द्यावेत असं ठरलं आणि चिठ्ठी भिंतीवर गेली.

दीपमालाने ती खोट वीस मिनिटांत दुरुस्त केली. दोन ओळी. आतल्या वहीतल्या नंबराऐवजी पडद्यावरचा नंबर, प्रोग्रॅमसकट.

“झालं?” रविराजने विचारलं.

“दुरुस्ती झाली. त्यांच्याकडे पाठवली आहे. त्यांनी घेतली की झालं.”

रविराज तेवढ्यावर थांबणारा नव्हता. त्याने दुपारी दोन वाजता आपल्या व्यावसायिक ओळखीच्या साइटवर लिहिलं की नाशिकच्या हिमकण ऑटोमेशनने जागतिक प्रकल्पात योगदान दिलं आहे, याचा अत्यंत अभिमान वाटतो. सोबत द्राक्षाच्या घडाचा फोटो. दोनशे चौदा लोकांनी अंगठा दाखवला. त्यात त्याचे सासरे होते आणि एक मोठं गिऱ्हाईकही.

संध्याकाळी राखणदाराचं उत्तर आलं. दीपमालाने ते वाचून दाखवलं.

“‘दुरुस्ती ठीक आहे. टेस्ट कुठे?’”

“बस्स? एवढंच?”

“एवढंच.”

“मग लिहा की टेस्ट. दोन ओळींची दुरुस्ती, दोन ओळींची टेस्ट.”

टेस्ट म्हणजे हा मेसेज बरोबर येतो याचा पुरावा, जो कुणीही, कुठेही, कितीही वेळा चालवून बघू शकेल. दीपमालाने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, दोन प्रतींत एकदम चालणारा. त्यात एक थ्रेड जन्मायचा, थोडं काम करायचा, निघून जायचा. त्याच्या नावाचा ब्रेकपॉइंट लावायचा, तो गेला की दहा सेकंद मेसेजची वाट पाहायची. मेसेज बरोबर आला तर पास.

पास झाली. पुन्हा चालवली, पास. बाराव्या खेपेला मेसेज आलाच नाही.

“परत चालवा,” सार्थक पलीकडच्या खुर्चीतून म्हणाला. त्याला वळूनही बघावं लागलं नाही.

परत चालवली. पास.

“बघा.”

“पण मग आत्ता का नाही आला?”

“ताई, मशीन आहे ते. कधीकधी मूड नसतो.”

“मशीनला?”

“तुम्ही नवीन आहात.”

ती नवीन नव्हती, जुनी होती, आणि अडचण तीच होती. अकरा वर्षांपूर्वी ती जिथे काम करत होती तिथेही ‘परत चालव’ होतं, फक्त इंग्रजीत. मधल्या काळात तिची ती सवय मोडली होती. बागेत वीस बायका आल्या आणि मोजताना एकोणीस भरल्या, तर परत मोजून वीस भरवून चालत नाही. एक बाई कुठेतरी असते.

तिने वाट पाहण्याचे दहा सेकंद वीस केले. तरी वीस-पंचवीस खेपांत एकदा नापास. मिनिट केलं. तरी. पंधरा दिवस गेले. सार्थकने बावीस चिठ्ठ्या सरकवल्या. दीपमालाची एकच चिठ्ठी, तीही मधोमध अडकलेली. रविराज येता-जाता तिच्याकडे पाहायचा, चिठ्ठीकडे, दीपमालाकडे नाही. त्याच्या फोटोखाली त्या मोठ्या गिऱ्हाइकाने विचारलं होतं, ‘अभिनंदन! कुठे बघायला मिळेल?’

“मॅडम, एका मेसेजला तीन आठवडे?” शेवटी तो म्हणाला. “बारापैकी अकरा वेळा येतोय ना? पाठवून द्या. त्यांच्याकडे येईल.”

“आणि नाही आला तर?”

“तर ते परत चालवतील!”

मुदत संपायला पाच दिवस उरले होते.

रविवारी दीपमाला बागेत होती. ऑक्टोबर छाटणीनंतरचे हे दिवस म्हणजे घडांची विरळणी. त्यासाठी पेठ तालुक्याकडच्या बायका गिरणाऱ्याला येतात, पहाटे नाक्यावर जमतात आणि गाडीगाडीने बागांत जातात. दीपमालाच्या सासूबाई अंबूबाई, ज्यांना ती आत्या म्हणे, शेडपाशी खाटेवर बसून बाग चालवत. गुडघ्यांमुळे त्यांना ओळींतून फिरता येत नसे. हजेरी त्या माणसं मोजून घेत नसत. बायका आल्या की आपापल्या भाकरीचं गठुडं बांधावरच्या बाभळीला टांगत. जितकी गठुडी तितक्या बायका. जी जाईल ती गठुडं घेऊन जाईल. दुपारच्या चहाला आणि सुट्टीला अंबूबाई बाभळीकडे बघत आणि वहीत आकडा टाकत. ही पद्धत दीपमालाला लग्नानंतर आठ दिवसांनी शिकवली गेली होती आणि अकरा वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती.

चहाच्या वेळी अकराव्या ओळीच्या टोकाला सावळीराम उभा दिसला. सावळीराम बागेतला जुना गडी, साठीचा. हातात काही नाही, समोर काही नाही, उन्हात नुसता उभा.

“आत्या, सावळीरामतात्या तिथं काय करताहेत?”

अंबूबाईंनी कपाळावर हात धरून पाहिलं. “ह्यो अजून हितंच? आरं सावळ्या! काय करतो तिथं?”

“तुमीच म्हनल्या ना!” सावळीराम तिथूनच ओरडला. “बायडाबाई ह्या वळीच्या टोकाला आली का थांबव आन् माझ्याकडं धाड. बाकीच्यांना जाऊ दे. म्हून हुबा हाय.”

“कवापसून?”

“धाच्या ठोक्यापसून.”

अंबूबाईंनी आता बाभळीकडे पाहिलं. मोजलं. पुन्हा मोजायची गरज त्यांना पडत नसे. “आगं बाई. बायडाबाईचं गठुडं कुठंय? ती तर गेली वाटतं.”

चहा घ्यायला आलेल्या बायकांतली एक म्हणाली, “ती बारालाच गेली ना, आत्याबाई. पोरीच्या आश्रमशाळंत भेटायला बोलावलं हुतं. पेठची गाडी गावली तिला.”

“आन् मला कुणी सांगितलं न्हाई ते?” सावळीराम जवळ येत म्हणाला. त्याचा चेहरा तांबडा झाला होता. “तीन तास सूर्व्यनारायणापुढं हुबा! बाई गेली पेठला, आन् मी हितं तिची वाट बघतोय.”

“मला तरी कुठं म्हाईत? मी आत्ता बघितलं बाभळीकडं!”

“मग आधी बगायचं ना!”

“मी काय दिसभर बाभळीकडं डोळं लावून बसू? चहाला बघती न् सुट्टीला बघती. मधी नजर गेली तर गेली.”

“कवा नजर जाती, कवा नाय. माझा मातूर भुगा.”

बायका हसायला लागल्या. दीपमाला हसली नाही. ती हातात चहाचा कप घेऊन बाभळीकडे पाहत होती.

“काय गं दीपे? चहा निवला.”

“आत्या, बायडाबाई गेली बाराला. पण गेली हे कळलं कधी? तुम्ही मोजलंत तेव्हा.”

“मंग? न मोजता कसं कळंल?”

“आणि मी बाराला मेसेजची वाट बघत बसले होते.”

“कुनाच्या?”

“डीबगरच्या.”

“त्यो कोन?” अंबूबाईंनी विचारलं. “तुमच्या हापिसातला?”

सोमवारी सकाळी दीपमाला दुगावमार्गे स्कूटी जरा जोरातच घेऊन आली. डीबगरही दिवसभर बाभळीकडे बघत बसत नव्हता. थ्रेड जायचा त्या क्षणी जायचा. डीबगरला ते कळायचं तो पुढची मोजणी करील तेव्हा. मध्येच त्याची नजर गेली तर मेसेज लगेच यायचा आणि टेस्ट पास व्हायची. नाही गेली, तर मिनिटभर काय, दिवसभर थांबलं तरी यायचा नाही. अकरा वेळा नजर गेली होती, बाराव्यांदा नव्हती. तिची टेस्ट मेसेज तपासतच नव्हती. अंबूबाईंची नजर तपासत होती.

तिने टेस्ट नव्याने लिहिली. थ्रेड गेला, की डीबगरला आधी हुकूम द्यायचा: यादी दाखव. यादी दाखवायची तर मोजावं लागतं. मोजलं की कळतं. कळलं की सांगावं लागतं. मग पाहायचं, मेसेज आला का, नंबर बरोबर आहे का, आणि तोच मेसेज दोनदा तर नाही ना आला. दोन ओळींच्या दुरुस्तीला एकशे अडतीस ओळींची टेस्ट झाली.

मंगळवारी तिने ती हजार वेळा चालवायला लावली.

“हजार?” सार्थक खुर्चीसकट वळला. पहिल्यांदाच.

“हजार.”

“ताई, एवढं तर कुणी लग्न ठरवताना बघत नाही.”

“म्हणूनच,” दीपमाला म्हणाली.

बुधवारी दुपारी निकाल आला. नऊशे नव्व्याण्णव पास. सहाशे सतरावी खेप नापास.

रविराजने आकडा पाहिला आणि टाळी वाजवली. “वा! म्हणजे झालंच. शंभर टक्के.”

“एक कमी.”

“मॅडम, एक! लाइट गेली असेल. एसी ट्रिप झाला असेल. खाली कुणाची दाढ काढली असेल.” मग त्याचा आवाज जरा उतरला. “शुक्रवार आहे हो परवा. मला तुमच्या नावासमोर काहीतरी लिहायचंय. शून्य लिहून तुम्हाला कायम कसं करू? पैसा घालणाऱ्या पार्टनरला काय सांगू? आजच्या आज ‘सगळ्या खेपा पास’ म्हणून पाठवा.”

“आणि सहाशे सतरा?”

“परत चालवा ना. पास होईल.”

“होईल,” दीपमाला म्हणाली. “तेच तर.”

तिने मेल लिहिला. दुरुस्ती, टेस्ट, हजार खेपा. आणि खाली दोन वाक्यं: ‘सहाशे सतरावी खेप नापास झाली आहे. कारण मला अजून कळलेलं नाही.’ रविराज मागे उभा राहून वाचत होता.

“असं कोण लिहितं? आपण होऊन?”

“नापास आहे ती.”

“ते हे वाचून कळवतो म्हणतील, आणि माझं ते ‘योगदान’ तिथं द्राक्षासकट लटकत राहील.”

दीपमालाचा हात माउसवर होता. एकवीस ठिकाणचं ‘कळवतो’ तिला एकदम ऐकू आलं. रविराजचं चूक नव्हतं. ही दोन वाक्यं काढली तर आज चिठ्ठी उजवीकडे सरकेल, शुक्रवारी पत्र मिळेल, आणि सहाशे सतरावी खेप जगात कुणालाही कधी दिसणार नाही. बाई मात्र कुठेतरी असेल.

तिने मेल पाठवला. रविराज आत गेला. सार्थकने हेडफोन लावले, पण गाणं लावलं नाही.

गुरुवारी उत्तर नव्हतं. गुरुवारी काहीच झालं नाही. फक्त दीपमालाने डब्याची जागा स्वच्छ केली, आपल्या स्टीलच्या बाटलीवरचं नाव पुसून पाहिलं, आणि जुन्या कागदपत्रांवर पुढच्या माणसाला कळावं म्हणून शेरे लिहून ठेवले.

शुक्रवारी अकराला मुदतीची बैठक होती. पावणेअकराला मेल आला. राखणदाराने या वेळी चार ओळी लिहिल्या होत्या, म्हणजे त्याच्या मानाने अग्रलेखच. सार्थक धावत येऊन तिच्या खांद्यावरून वाचायला लागला, आणि त्याच्या आवाजाने रविराज बाहेर आला.

“काय म्हणतो? नाही म्हणतो ना?”

दीपमाला मराठीत सांगत गेली. “म्हणतो, सहाशे सतरावी खेप मी ओळखतो. आमच्या इतर टेस्टमध्येही चार वर्षांपासून कधीमधी दिसते. मला वाटायचं माझं मशीन जुनं आहे. आमच्या पानावर तर लिहूनच ठेवलंय.” ती थांबली.

“काय लिहून ठेवलंय?”

“‘थ्रेडच्या टेस्ट कधीकधी नापास होतात. परत चालवा.’”

खाली ड्रिल सुरू झालं.

“म्हणजे तिकडंसुद्धा?” सार्थक म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा धक्का होता आणि बराचसा राष्ट्रीय दिलासा.

“पुढे?” रविराज.

“पुढे म्हणतो, आजवर कुणी अशा खेपेची नोंद पाठवली नाही, कारण सगळे परत चालवतात आणि नोंद पुसली जाते. तुझ्याकडे आहे का?”

होती. दीपमाला काही पुसत नसे. अकरा वर्षांच्या हजेरीच्या वह्याही तिने जपून ठेवल्या होत्या. तिने नोंद पाठवली. बैठक अकराला सुरू व्हायची होती. रविराज म्हणाला, साडेबाराला घेऊ. साडेबाराला म्हणाला, जेवून घेऊ. हातात रिकामा कागद धरून तो तीनदा तिच्या टेबलापाशी येऊन गेला आणि तिन्ही वेळा ‘पाणी प्यायला आलो’ म्हणाला. पाणी दुसऱ्या बाजूला होतं.

तीन वाजता उत्तर आलं. चूक सापडली होती, आणि ती दीपमालाची नव्हती, डीबगरची होती, खूप जुनी. हजारात एखाद्या वेळी असं व्हायचं की दोन मोजण्या एकदम सुरू व्हायच्या: एक यादी मागितली म्हणून, दुसरी थ्रेड गेल्याची कुणकुण लागली म्हणून. दोघींनाही दिसायचं की तो गेला. हुकूम रद्द व्हायचा. पण सांगायचं कुणीच नाही. प्रत्येकीला वाटायचं, दुसरीने सांगितलं असेल.

“हे तर आपल्या ऑफिससारखं झालं,” सार्थक म्हणाला.

राखणदाराने आपली चूक दुरुस्त केली, दीपमालाची दोन ओळींची दुरुस्ती घेतली, एकशे अडतीस ओळींची टेस्ट घेतली, आणि त्या पानावरचं ‘परत चालवा’ खोडून टाकलं. दुरुस्तीच्या नोंदीत नाव आलं: दीपमाला थेटे, गिरणारे. कंपनीचं नाव घालायला ती विसरली होती. रविराजला ते दिसलं. त्याने ते तसंच राहू दिलं, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवायला हवं.

नवा डीबगर बसवून सार्थकने सहज पिंपळगावच्या त्या रुसक्या पॅनेलला जोडला. चाळीस मिनिटांत ओळ आली: ब्रेकपॉइंट दोन काढला, दुसऱ्या प्रोग्रॅमचा पहिला थ्रेड आता यादीत नाही. पंख्यांचा थ्रेड. अधूनमधून तो कुणालाही न सांगता घरी जात होता. जूनपासून.

“दोन दिवस मी ती काच उघडत होतो,” सार्थक म्हणाला. मग फळ्यापाशी गेला, दीपमालाची उन्हाने पांढरी पडलेली चिठ्ठी काढली आणि उजवीकडे नेऊन लावली. बोटाने दाबून, चारही कोपरे.

बैठक पाच वाजता झाली. तीन मिनिटांत आटोपली. रविराजने कायमच्या पत्राचा नमुना समोर ठेवला. त्यात एक रकाना भरायचा राहिला होता, मागील अनुभव. त्याने मुलाखतीचा कागद काढला, ‘गॅप’ या शब्दाकडे पाहिलं, आणि पेन तिच्यापुढे सरकवलं.

“इथं काय लिहायचं ते तुम्हीच लिहा, मॅडम.”

तिने लिहिलं: ‘हजेरी, अकरा वर्षं.’

“इंग्रजीत लिहायला लागेल पार्टनरसाठी.”

“सांगा त्यांना, विचारायला आले तर समजावून सांगेन,” ती म्हणाली. तिने पत्र पिशवीत ठेवलं, बाहेर काढून पुन्हा वाचलं आणि परत ठेवलं. रविराज त्या वेळी खिडकीबाहेर बघत होता.

रविवारी बागेत पद्धत बदलली होती. अंबूबाईंनी ठरवून टाकलं होतं की जी बाई मध्येच जाईल तिने गठुडं काढताना सावळीरामाला सांगून जायचं, आणि सावळीरामाने ते सगळ्या बागेला ऐकू जाईल असं ओरडायचं. सावळीरामाला हे काम मनापासून आवडलं होतं. दीपमाला पत्र घेऊन खाटेपाशी आली तेव्हा अंबूबाईंनी ते हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं, आणि पदराच्या टोकाने त्यावरची धूळ पुसली. धूळ नव्हती.

“कायम?”

“कायम.”

“बरं झालं. मग आता हजेरी कोन ठेवनार?”

तेवढ्यात अकराव्या ओळीतून आवाज आला. “बायडाबाई गेलीऽऽ! पेठवाली बायडाबाई गेलीऽऽ!” आणि क्षणभराने, पलीकडे कुणी ऐकलं नसेल म्हणून, पुन्हा: “बायडाबाई गेलीऽऽ!”

“आत्या, त्यांना एकदाच सांगायला सांगा ना,” दीपमाला म्हणाली. “दोनदा सांगितलं तर वाटतं, दोन बायडाबाई गेल्या.”

“दोनदा सांगितलं तर तुझं काय बिघडतं गं?”

ते समजावायला दीपमालाला एकशे अडतीस ओळी लागल्या असत्या. तिने बाभळीकडे पाहिलं, गठुडी मोजली, आणि वहीत आकडा टाकला. अठरा. सकाळच्या एकोणिसांत एक कमी. बरोबर होता.